बत्तीवाल्याच्या पिक्चरचा शेवट

नाना,

आपलं भांडण अर्धवट राहिलं. तुमचे दिवस झाले, पाहुणे गेले, ओटीवरच्या सतरंज्या झाडून आत ठेवल्या. आज दुपारी घरात कुणी नाही, आणि बसल्याबसल्या पहिली गोष्ट मनात आली ती हीच. मला तुमच्याशी अजून बोलायचंय. विषय निघाला की तुम्ही कोयती उचलून वाडीत निघून जायचात. या वेळी ते जमणार नाही. ऐकून घ्यावं लागेल.

पालीजवळच्या भातशेतीच्या गावातून मी श्रीवर्धनला सून म्हणून आले, तेव्हा समुद्राशी माझा काही संबंध नव्हता आणि जुन्या सिनेमांशी तर त्याहून नव्हता. पहिल्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत, "जुने पिक्चर बघतेस का गं?" मी म्हटलं, "बघते की, लहानपणी दर रविवारी लागायचे ते." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मला मीठ म्हणजे काय तेच ठाऊक नाही. "ते न्हाय," म्हणालात. "जुने. स्टुडिओतले."

मग माझ्या दुपारी गेल्या त्यात. तुमचे नियम कडक. पिक्चर चालू असताना बोलायचं नाही. शेंगा सोलायच्या नाहीत. मधे उठायचं नाही, आणि शेवट झाल्याशिवाय तर मुळीच नाही. पुठ्ठ्याचे राजवाडे, कापडावर रंगवलेलं आकाश, दोरीला टांगलेला चंद्र. नायिकेच्या अर्ध्या तोंडावर उजेड आणि अर्ध्यावर सावली आली की तुम्ही पलंगावर ताठ बसायचात. "बघ," हळूच म्हणायचात, स्वतःचाच नियम मोडून. "दिवा कुठं ठेवलाय बघ त्याने."

मला त्यातल्या पाण्याचं हसू यायचं. मागे समुद्र आपटत असायचा, त्याचा आवाज पडवीपर्यंत यायचा, आणि तुम्ही बघत असायचात टाकीतल्या पाण्यात डुलणारी होडी. एकदा मी न राहवून म्हटलं, "नाना, ती लाट खोटी आहे. बाजूने कुणीतरी बादल्या ओततंय."

"ओततंयच," तुम्ही म्हणालात. "म्हणून तर बरं. त्या समुद्रात कुणी बुडत न्हाय. काम झालं की सगळे टॉवेल घेऊन घरी जातात."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

एक पिक्चर मात्र टीव्हीवर कधी लागायचा नाही आणि त्याबद्दलच तुम्ही सगळ्यात जास्त बोलायचात. दीपगृहावरचा बत्तीवाला आणि त्याची बायको. वादळात एक जहाज फुटतं, बत्तीवाला छोटी होडी घेऊन माणसं वाचवायला जातो, आणि बायको एकटी वर बत्ती पेटती ठेवते. तुम्ही गिरगावात मामाकडे शिकायला होतात तेव्हा स्वस्तातल्या थेटरात तो पुन्हा पुन्हा लागायचा आणि म्हसळ्याच्या बशीरचाचांबरोबर तुम्ही तो पुन्हा पुन्हा बघायचात. नटीचं नावसुद्धा कुणाला आठवत नाही, पण तुम्ही "ती बाई" म्हटलंत की मला कळायचं कोण ती.

संदेशने मालवाहू बार्जवरची नोकरी धरली तेव्हा तुम्ही त्याच्याशी सबंध पावसाळा बोलला नाहीत. एका घरात दोघं, आणि निरोप माझ्यामार्फत. "त्याला सांग, सुपारी सोलायला माणसं आलीत." "नानांना सांग, मी उद्या रेवसला निघतोय." मला वाटायचं, एकुलता मुलगा वाडी सोडून गेला म्हणून हा राग. एकदा मी तुम्हांला तोंडावर म्हटलंही की पोटापाण्यासाठी माणूस कुठेही जातो, त्यात एवढं काय. तुम्ही ताटावरून उठलात.

मग ते जूनमधलं वादळ आलं.

मला सहावा महिना होता. सकाळी संदेशचा फोन आला. मागे वारा इतका की तो ओरडत होता. "बार्ज धरमतरच्या खाडीत आत घेतोय. जास्तीचे दोर बांधू. तू नानांना घेऊन माजघरात बस, बाहेर पडू नको." मी काहीतरी विचारत होते, तोवर फोन बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा. मग रेंजच गेली आणि पाठोपाठ वीज.

तुम्ही खिडक्यांच्या कड्या घातल्यात, फळ्या आडव्या ठोकल्यात. वारा चढत गेला. आधी पडवीचे पत्रे गेले, एकेक करत, कुणीतरी कागद फाडावा तसे. मग कौलं. माजघरात वरून पाणी यायला लागलं, आणि तुम्ही मला भिंतीच्या कोपऱ्यात, भाताच्या कणगीमागे बसवलंत. मी एकच विचारत होते, "खाडीत वारा कमी असेल ना? खाडीत कमी असतो ना?"

मधेच सगळं थांबलं. एकदम. इतकी शांतता झाली की कानात दडे बसल्यासारखं वाटलं. मी उठले. डोक्यात एवढंच होतं की टेकडीवर चढलं तर रेंज मिळेल. मी दाराची कडी काढायला हात घातला.

"सुजाता, थांब."

"गेलं वादळ, नाना. मी एक फोन लावून येते."

"गेलं न्हाय. फिरून येईल, उलट्या बाजूने."

"मला माहीत व्हायला पाहिजे! तो जिवंत आहे की नाही मला माहीत व्हायला पाहिजे!"

मी तुम्हांला ढकललं, नाना. तुम्ही बाजूला झाला नाहीत. पाठ दाराला लावून, पाय पसरून, ओल्या जमिनीवर तसेच खाली बसलात. मला तुमचा एवढा संताप आला की काय बोलले ते आठवत नाही. हे आठवतं की तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "बस. तुला बत्तीवाल्याचा पिक्चर सांगतो. पहिल्यापासून."

"मला नकोय पिक्चर."

"पहिल्यांदा नुसतं पाणी दिसतं," तुम्ही सुरुवात केलीत. "पाण्यावर उजेडाचा एक पट्टा फिरतो."

आणि वारा परत आला. तुम्ही म्हणालात तसाच, उलट्या बाजूने. दार तुमच्या पाठीवर धडका द्यायला लागलं. मी बाहेर असते तर काय झालं असतं ते मला तेव्हाच कळलं. मी परत कोपऱ्यात बसले आणि तुम्ही सांगत राहिलात. ती बाई जिना कसा चढते, जिन्यावर तिची सावली तिच्यापेक्षा मोठी कशी दिसते. तेल संपत येतं तेव्हा ती घरातलं खोबरेल कसं आणते. तुम्ही तिचं बोलणं बोलत होतात, त्याचं बोलत होतात, मधलं गाणं सोडलं नाहीत, बेसूर का होईना पण म्हणालात. दार हादरलं की एक शब्द तुटायचा आणि पुढचा तिथूनच सुरू व्हायचा.

बाहेर वाडी पडत होती. सुपारीचं झाड मोडतं तेव्हा काठी मोडल्यासारखा आवाज येतो, माड पडला तर जमीन हलते. तुमच्या वडिलांनी लावलेली, तुम्ही जन्मभर शिंपलेली झाडं. कुठला आवाज कुठल्या झाडाचा हे तुम्हांला नक्की कळत असणार. प्रत्येक आवाजाला तुमची मान जराशी वळायची आणि तुम्ही ती ओढून परत माझ्याकडे आणायचात. "मग ती काय करते, ऐक," म्हणायचात. त्या वेळी मला फक्त संदेश दिसत होता. तुमचं काय चाललं होतं ते मी बघितलंच नाही. आज ती मान डोळ्यांसमोरून जात नाही.

"आणि तो?" मी शेवटी विचारलं. "तो येतो का परत?"

तुम्ही थांबलात. अगदी थोडं.

"येतो," म्हणालात. "पहाटे धुकं असतं. धुक्यातून होडी येते. तो उभा असतो होडीत. ती वरून बघते आणि जिना उतरत धावत सुटते. संपला पिक्चर."

मी रडले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तुमचा हात थंडगार होता.

त्यानंतरचे दिवस मला आजही नीट सांगता येत नाहीत. रस्ते झाडांनी बंद, फोन बंद, कुणाचा कुणाला पत्ता नाही. रेवसच्या बाजूला बार्जा फुटल्या असं कुणीतरी सांगून गेलं, आणि ते खरं का खोटं हे विचारायलाही माणूस नव्हता. तुम्ही पडलेल्या वाडीकडे गेलाही नाहीत. रोज उजाडलं की रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचात. मी विचारलं की तेच सांगायचात, "येणार. बत्तीवाला आला का न्हाय?" आणि नाना, मला ते खरं वाटायचं. एका खोट्या समुद्रातला माणूस परत आला म्हणून माझा नवरा परत येईल, हे मी अगदी घट्ट धरून बसले होते. दुसरं धरायला काही नव्हतंच.

संदेश आला तो म्हसळ्याकडून चालत. दुसऱ्याच कुणाचीतरी पँट अंगावर, पाय कापलेला. दोर तुटले होते, बार्ज कांदळवनात जाऊन रुतली होती, आणि झाडांना धरून सगळ्यांनी जीव वाचवला होता. मी त्याला सोडतच नव्हते. तुम्ही त्याच्या पायाकडे बघितलंत. "धू तो. जखमेत चिखल गेलाय," एवढंच म्हणालात आणि घरामागे गेलात. बऱ्याच वेळाने मी बघायला आले, तर तुम्ही एका आडव्या पडलेल्या माडावर बसला होतात, पाठ घराकडे करून. मी हाक मारली नाही.

मीनल झाली. वाडी परत लावली. रोपांना पाणी घालताना तुम्ही मीनलला सांगायचात, याची सुपारी तू खाणार, मी न्हाय. दुपारचे पिक्चर परत सुरू झाले आणि पलंगावर तुमच्या शेजारी अजून एक प्रेक्षक आला.

गेल्या वर्षी मला तो पिक्चर मोबाईलवर सापडला. कुणीतरी जुन्या, ओरखडलेल्या प्रतीवरून टाकला होता. तुम्ही जेवून झोपला होतात. मी ठरवलं, आधी आपण बघू, मग नानांना चकित करू. पडवीत बसून लावला. पाण्यावर उजेडाचा पट्टा फिरला. जिना, सावली, खोबरेल. तुम्ही एकही गोष्ट चुकीची सांगितली नव्हती. गाणंसुद्धा शब्द न् शब्द तेच. मी मनात हसत होते. मग पहाट झाली, धुकं आलं, धुक्यातून होडी आली.

होडी रिकामी होती.

तुम्ही उठून पडवीत आलात तेव्हा मोबाईल माझ्या हातात होता. तुम्हांला आवाजावरूनच कळलं. "बंद कर ते," तुम्ही म्हणालात. असा आवाज मी तुमचा कधी ऐकला नव्हता.

"तो येत नाही परत," मी म्हटलं. "होडी रिकामी येते. तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"मला ठाऊक हाय काय होतं ते."

"तुम्ही रोज मला येणार, येणार म्हणत राहिलात. मी त्याच्यावर जगले, नाना. संदेश नसता आला तर? मी काय केलं असतं? मनाची काही तयारी तरी केली असती."

"आला ना तो?"

"नसता आला तर मी तुम्हांला कधीच माफ केलं नसतं."

तुम्ही खुंटीवरची कोयती काढलीत. पायरी उतरताना पाठमोरेच म्हणालात, "तो नसता आला तर माफ करून घ्यायला मी तरी राहिलो असतो का, सुजाता?"

आणि गेलात. मी उरलेला पिक्चर बघून संपवला.

त्यानंतर तो विषय आपण काढला नाही. दुपारचे पिक्चर बघितले, चहा प्यायलो, मीनलच्या शाळेचं बोललो, पण मधे ते होतंच. तुमचा दम वाढला, घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि त्याच्या घरघरीत तुमच्या शेजारी बसून मी कितीदा ठरवलं की आज बोलू. तुम्हांला एक वाक्य पुरं करायला दोनदा श्वास घ्यावा लागायचा. अशा माणसाशी भांडायचं कसं? माझ्या हातून पाणी पिताना तुम्ही माझ्याकडे बघायचात, आणि मला वाटायचं, आता हे काहीतरी सांगतील. तुम्ही "पुरे" म्हणायचात आणि तोंड फिरवायचात. जाण्याच्या आदल्या दुपारीसुद्धा तसंच.

परवा बशीरचाचा आले. तुमच्या जाण्याची बातमी कळली तेव्हा ते स्वतःच आजारी होते. नातवाने गाडीतून आणलं. तुमच्या फोटोसमोर बसले. मग तुमचे गिरगावातले दिवस निघाले, आणि बत्तीवाल्याचा पिक्चर निघाला. मी सहज म्हटलं, "नानांना तो पिक्चर पाठ होता."

"आधा पाठ होता," ते म्हणाले. "शेवट आम्ही कधी बघितलाच नाही, सूनबाई."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली.

"धुक्यातून रिकामी होडी दिसली की तुझा सासरा उठायचा. दर खेपेला. 'चल बशीर, चहा घेऊ.' मी आपला त्याच्या मागे. आत पब्लिक रडायची, आम्ही बाहेर चहा पीत उभे."

"पण का?"

चाचांनी संदेशकडे बघितलं. संदेश खाली बघत होता.

"दत्तूचा मचवा," चाचा म्हणाले. "नानाचा थोरला भाऊ. सुपारी भरून मुंबईला निघाला होता, वाटेत वादळ लागलं. मचवा मिळाला. आत कुणी नव्हतं. नाना तेव्हा मुंबईत धक्क्यावर त्याला उतरवून घ्यायला गेला होता. शाळकरी पोर. रोज जायचा. अल्ला, किती दिवस जात होता."

भिंतीवरच्या जुन्या फोटोतले दत्तूकाका समुद्रात गेले हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "मला ठाऊक होतं," संदेश हळूच म्हणाला. "मी बार्जवर लागलो तेव्हा, अबोला धरायच्या आधी, नानांनी शपथ घातली. तिला सांगू नको, ती रात्रंदिवस भीत बसेल."

म्हणजे तुमचा तो अबोला वाडीसाठी नव्हता. आणि वादळात माझ्यासमोर दाराला पाठ लावून बसलेला माणूस पुन्हा एकदा कुणाची तरी वाट बघत होता, आणि मला एकटीला वाट बघू देत नव्हता. हे तुम्ही मला सांगायला हवं होतंत. तेव्हा नाही तर नंतर. त्या दिवशी पडवीत, कोयती काढायच्या आधी. माझा राग गेलाय असं समजू नका. फक्त आता तो आला की त्याच्याबरोबर धक्क्यावर उभं असलेलं ते शाळकरी पोर दिसतं.

जायला उठताना चाचांनी माझा हात धरला. "तू बघितलास ना सगळा? होडी येते, ते कळलं. त्याच्यापुढं काय होतं गं? एवढं आयुष्य गेलं, पण मनात राहिलंय."

मी त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे नानाला कुणी सांगितलं होतं का?" त्यांनी विचारलं.

नव्हतं, नाना. त्या दिवशी तुम्हांला सांगताना मी रिकाम्या होडीवरच थांबले. तुम्ही म्हणालात, ठाऊक हाय, आणि मी ते खरं धरलं. पण तुम्हांला होडीपर्यंतचंच ठाऊक होतं. तुम्ही बाहेर उभे होतात.

तर ऐका. होडी किनाऱ्याला लागते. लोक जमतात, वर बघतात. ती बाई वरून सगळं बघते. ती धावत नाही. ओरडतही नाही. तिच्या अर्ध्या तोंडावर बत्तीचा उजेड आहे आणि दुसऱ्या बाजूने पहाट येतेय. तुम्हांला आवडला असता तो उजेड. बराच वेळ नुसता तिचा चेहरा. मग ती वळते आणि बत्ती विझवते. मला वाटलं, आता ही खाली उडी घेणार. पण ती पदराचं टोक हाताला गुंडाळते आणि काचेवरची काजळी पुसायला लागते. रात्रभर जळून काच काळी झालेली असते. ती एक हातभर जागा स्वच्छ करते, आणि त्या जागेतून समुद्र दिसतो. तुमचा तो टाकीतला, बादल्यांचा समुद्र. त्यावरून दुसऱ्या कुणाचंतरी गलबत जात असतं, शिडं लावून, नीट. ती त्याच्याकडे बघते आणि काच पुसत राहते.

एवढाच शेवट आहे, नाना. बघवला असता तुम्हांला.